गादी सुटत नाही, पाय तरी मोकळे करा

आमच्या गल्लीत आमच्या दुकानापासून चौथे दुकान ज्यांचे होते ते आमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. टॉवेल आणि चादरीचा ठोक धंदा, माणूस जिभेचा गोड आणि हिशोबाचा पक्का. सकाळी दहाला गादीवर बसले की रात्री नऊलाच उठत. चहा जागेवर, जेवणाचा डबा जागेवर, फोन तर उशाशीच. २०२२ च्या रमजान ईदचा हंगाम उरकला आणि चार दिवसांनी भर दुपारी ते गल्ल्यावरच कलंडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते.

दुःख तर झालेच. पण व्यापारी म्हणून जी गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली ती पुढची आहे. त्यांची निम्मी उधारी वहीत होती आणि निम्मी डोक्यात. कर्नाटक व मराठवाड्यातले लहान दुकानदार, कोणाकडे किती, कोणाला किती दिवसांची सवलत, हे मुलांना ठाऊक नव्हते. काही भल्या माणसांनी आपणहून रक्कम आणून दिली, बाकीचे गप्प राहिले. वर्षभरात दुकानाचे शटर उतरले. माणूस बसल्या बसल्या गेला आणि बसवलेला धंदा घेऊन गेला.

त्या धास्तीने आम्ही स्वतःची तपासणी करून घेतली. साखर वाढलेली, रक्तदाब वरच्या अंगाला. डॉक्टरसाहेबांनी विचारले, “चालणे किती होते?” आम्ही ठसक्यात सांगितले, “आम्ही व्यापारी माणसे, दिवसभर धावपळच असते.” घरी आल्यावर मुलाने आमच्या मोबाईलमध्ये पावले मोजण्याची सोय चालू करून दिली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आकडा पाहून तो म्हणाला, “अब्बा, इत्तेच क्या?” अठराशे पावले भरली होती. आमची सारी धावपळ तोंडाची होती, पायांची नव्हती.

वाचकांपैकी अनेकांची हीच अवस्था असणार. साखरेच्या आजाराला आता श्रीमंतांचा आजार म्हणण्याचे दिवस राहिले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले तेरा कोटींहून अधिक आहेत.

बसणारा आणि फिरणारा

बसून काम करण्याने हृदयावर काय परिणाम होतो याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या बसगाड्यांतून मिळाला. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली व १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, साधारण एकाच पगारगटातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटे फाडत रोज शेकडो पायऱ्या चढउतार करणारा. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत स्पष्टपणे कमी निघाले. टपाल खात्यातही तेच दिसले. घरोघर पत्रे वाटणारा पोस्टमन टेबलावरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित होता. हे मॉरिससाहेब स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगले.

आता आपल्या बाजाराकडे पाहा. आमच्या तरुणपणी चाटी गल्लीतला किंवा मंगळवार पेठेतला व्यापारी माल पाहायला स्वतः जात असे. पूर्व भागात अशोक चौकाच्या पलीकडे मागांचा खडखडाट सुरू होई. तेथे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणे, ताका उलगडून पाहणे, टॉवेल हातात घेऊन वजनाचा अंदाज करणे, मग ट्रान्सपोर्टवर जाऊन बिल्टी घेणे, बँकेत रांगेत उभे राहणे हा दिनक्रम होता. वाहन म्हणजे सायकल. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते, पण अंगाला तो लागत होता.

आज नमुन्याचा फोटो मोबाईलवर येतो, भाव मोबाईलवर ठरतो, पैसे मोबाईलवर जातात. २०१७ पासून जीएसटी आला आणि जो व्यापारी पूर्वी फक्त गादीवर बसत होता तो आता संगणकासमोर खुर्चीतही बसू लागला. वेळ वाचला हे खरे. त्या वाचलेल्या वेळेत आपण काय केले? आणखी बसलो.

असे बसल्याने शरीरात नेमके काय घडते हे आम्ही डॉक्टरसाहेबांना खोदून खोदून विचारले. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर इंधन म्हणून ओढून घेतात. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला आहे त्यांच्यातही काम करणारा स्नायू साखर उचलतोच. पोटरी आवळली की पायातले रक्त वर ढकलले जाते. मांडी घालून चार तास बसलो तर हे दोन्ही थांबते. दुपारच्या भाकरी-भातानंतर लगेच लोडाला टेकणे म्हणजे साखर रक्तात भरून ठेवून गोदामाला कुलूप लावण्यासारखे.

आमची अकरा दिवसांची कसरत

सर्वजण सांगतात तसे आम्हीही प्रथम पहाटे उठून पार्क मैदानाची वाट धरली. नवे बूट घेतले. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी रात्री माल उतरवायला साडेअकरा झाले आणि पहाटेचा क्रम तुटला तो तुटलाच. पहाटे एक तास फिरा हा सल्ला वाईट नाही, पण तो ज्यांची कामाची वेळ ठरलेली आहे त्यांनी ज्यांची वेळ ठरलेली आहे त्यांच्यासाठी तयार केला असावा असे आम्हाला वाटते. ज्यांना साधते त्यांनी तो अवश्य पाळावा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर पहाट किंवा रात्र याशिवाय गत्यंतर नाही. किल्ल्याच्या बाजूला सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळची हवा काय असते ते आम्ही त्या अकरा दिवसांत अनुभवले, आजही रविवारी जातो.

पण रोजचे काय? येथे एका नव्या माहितीने आम्हाला हुरूप आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन दिले त्यात प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतपत दम लागणे. पूर्वी अट होती की एका वेळेस किमान दहा मिनिटे सलग झाली तरच ती धरायची. ती अट आता काढून टाकली आहे. म्हणजे सुटे पैसेही जमेस धरले जातात! व्यापाऱ्याला याहून सोयीचा हिशोब कोणता? दीडशे भागिले सात, दिवसाला बावीस मिनिटे होतात.

मग आम्ही बावीस मिनिटे शोधायला बसलो, नव्हे, उभे राहिलो. जोहरच्या नमाजला आम्ही मोटारसायकलीवर जात होतो, आता पायी जातो. जाता-येता बारा मिनिटे. असरला तसेच, आणखी बारा. येथे गैरसमज नको. नमाज ही इबादत आहे, तिला कसरतीचे नाव आम्ही देत नाही. पण मशिदीपर्यंतचा रस्ता गाडीने काटलाच पाहिजे असे कोठे आहे? फक्त पावले झपाझप पडली पाहिजेत. रमतगमत, दर दुकानापाशी थांबून गप्पा मारत गेल्यास ती मिनिटे खोटी समजावीत.

दुसरे, आलेला फोन उभे राहून घ्यायचा आणि दुकानाच्या पुढच्या उंबऱ्यापासून मागच्या गोदामापर्यंत फेऱ्या घालत बोलायचे. पहिल्या आठवड्यात मुनीमजी आमच्याकडे संशयाने पाहत होते. एका गिऱ्हाइकाने तर विचारले, “भाई, काय टेन्शन आहे का?” आता सर्वांना सवय झाली. वसुलीचे फोन लांबतात, त्यामुळे फेऱ्याही पुष्कळ होतात.

तिसरे, दुपारच्या जेवणानंतर लोडाला टेकण्याआधी दहा मिनिटे चालणे. आमच्या साखरेवर सर्वांत लवकर फरक याने दिसला.

आणि जोर? आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर समजले की तालीम म्हणजे आखाडा. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे लहानपणी ऐकून आम्हाला वाटे की तेथे मदरसा भरत असावा. एकाच अरबी शब्दाने मेंदूची आणि मनगटाची अशी दोन्ही घरे बांधली, आपण मात्र दोन्हींतून उठून गादीवर आलो. असो. स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी हवा असेही ते मार्गदर्शन सांगते. पन्नाशीनंतर एकदम जोर-बैठका काढू नयेत, गुडघे तक्रार करतात. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला तळहात टेकून रेटणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, एवढे कापड मोजण्याच्या फळीजवळही होते. दोन ताके हमालाला न सांगता आपणच उचलून ठेवले तर इज्जत कमी होत नाही. मात्र पाठ वाकवून नव्हे, गुडघ्यात वाकून.

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत म्हणून काही जण धास्तावतात. त्या आकड्याची गंमत अशी की तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला. विकणाऱ्याने गोल आकडा पकडला, जसे आपण नव्व्याण्णव रुपये पकडतो. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांची एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आम्ही अठराशेवरून सहा हजारांवर आलो आहोत.

कारागीर बांधवांविषयी

येथपर्यंत गादीवाल्यांचे झाले. शिलाई कारागिरांचे दुखणे वेगळे आहे. पायाच्या मशीनवर शिवणाऱ्याच्या पोटऱ्या निदान हलत होत्या. मोटर लागली, काम दुप्पट झाले आणि पाय फक्त दाबण्यापुरता उरला. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे आणि हंगामात माणूस दहा-बारा तास मान खाली घालून बसतो. घरात बसून विड्या वळणाऱ्या आपल्या माय-भगिनींचेही तेच. त्यांना आमची विनंती अशी की दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे, मान व खांदे मागे ताणावेत, पाण्याचा तांब्या मुद्दाम दूर ठेवावा. उक्त्या कामावरच्या माणसाला दोन मिनिटेही महाग पडतात हे आम्ही जाणतो. म्हणून जे मालक आहेत त्यांनी ही दोन मिनिटे तोडू नयेत.

माग चालवणाऱ्याला मात्र चालण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टा आहे. तो आठ-बारा तास मागांमधून फिरतच असतो. त्याला गरज आहे ती बसण्यासाठी एका स्टुलाची, कापसाच्या धुळीपासून बचावाची आणि कानांच्या संरक्षणाची. तो विषय स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे.

दोन सूचना महत्त्वाच्या. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम आला तर थांबावे आणि थेट दवाखाना गाठावा, ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊ नये. आमच्या शेजाऱ्यांनी त्याच दिवशी सकाळी सोडा मागवला होता. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा अथवा साखर ठेवावी, रमजानमध्ये औषधाची व चालण्याची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी. पायाला मुंग्या येत असतील तर चप्पल नको, बंद बूट हवा, आणि रात्री तळवे पाहून झोपावे.

आम्ही आता दर बुधवारी मोबाईलवर फोटो न मागवता पूर्व भागात पायी जातो. मुलगा बरोबर असतो आणि वाटेत आम्ही त्याला एकेका गिऱ्हाइकाची उधारी तोंडी सांगतो, तो दुकानात आल्यावर वहीत उतरवतो. गेल्या महिन्यात एका कारखान्यात टॉवेलचा गठ्ठा सहज हातात घेतला तर हलका लागला. काट्यावर ठेवला, डझनाचे वजन ठरल्यापेक्षा कमी भरले. फोटोत ते दिसले नसते. माल परत गेला आणि बुटाचे पैसे निघाले.