४० टनांची बॅटरी उचलताना

सौर आणि पवन ऊर्जा साठवणाऱ्या बॅटरी प्रकल्पांबद्दल मला फार कुतूहल आहे. पण त्यातला एक मोठ्या जोखमीचा क्षण वीज सुरू होण्याआधीच येतो, क्रेनने बॅटरीचा कंटेनर उचलताना. आजच्या ५ मेगावॅट-तासांच्या २० फुटी कंटेनरचं वजन ४० टनांच्या आसपास असतं.

🔹 क्रेनवर लिहिलेल्या क्षमतेवर जाऊ नका. ‘१०० टनी’ क्रेन तेवढं वजन अगदी जवळूनच उचलते. बूम जितका लांब, तितकी क्षमता कमी. किती अंतरावर किती वजन उचलता येतं, हे सांगणारा क्रेनचा लोड चार्ट पाहिल्याशिवाय उचल नको.

🔹 जमीन तपासा. केबलसाठी खणून नुकत्याच बुजवलेल्या चरांजवळ क्रेनचे आउटरिगर, म्हणजे आधाराचे पाय, टेकवू नका. त्या पायांखाली भक्कम मॅट हवीच.

🔹 स्लिंगचा, म्हणजे भार टांगणाऱ्या दोराचा किंवा पट्ट्याचा, कोन बघा. चार उभ्या स्लिंगांवर समान भार धरला, तर प्रत्येकीवर १० टन येतात. त्याच स्लिंग आडव्या रेषेशी ३० अंशांवर आल्या, की प्रत्येकीवर २० टन! म्हणून स्लिंग उभ्या ठेवणारा आडवा दांडा, म्हणजे स्प्रेडर बीम, वापरतात आणि उत्पादकाने दिलेल्या जागीच हुक लावतात.

🔹 सिग्नल एकानेच द्यायचा. मात्र ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला. टांगलेल्या भाराखाली कुणीही जायचं नाही.

🔹 कंटेनर आपटला, तर तो तसाच जोडू नका. आतल्या सेलला इजा झाली असेल, तर आग काही तासांनीही भडकू शकते. त्याला वेगळं ठेवा, लक्ष ठेवा, उत्पादकाला कळवा.

साइटवर काम करणाऱ्या मित्रांपर्यंत ही पोस्ट जरूर पोहोचवा. स्वच्छ विजेसाठी राबणारा प्रत्येक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी गेलाच पाहिजे.