दिल्लीत नेचं जगवायचं तर

सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाला नेचं 'सांभाळावं' लागतं हेच मुळात पटत नाही. आंबोलीला घाटाच्या दरडीवर, कोकणात विहिरीच्या चिऱ्यांच्या फटीत ते आपलं आपण उगवतं. त्याच भरवशावर मी दिल्लीत पहिलं बॉस्टन फर्न घेतलं आणि मे महिन्यात त्याची पानं झाडूने गोळा केली. पाणी रोज घालत होतो, तरीही.

लू सुटली की इथली दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. नेच्याचं पान पातळ. कोरड्या हवेत त्यातून वाफ होऊन जाणारं पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होतं. मग पानांची टोकं करपतात. आपण घाबरून आणखी पाणी ओततो, आणि वरून सुकणारं झाड खालून कुजायला लागतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नये. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसावं. ओल लागली तर थांबावं, नुसता गारवा जाणवला तर घालावं. हात बसला की कुंडी उचलूनच कळतं. घालताना मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावं आणि बशीत साठलेलं ओतून द्यावं. एक फसगत इथे नेहमी होते. कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. आपल्याला वाटतं झाड भरपूर प्यालं. मधला मुळांचा गोळा कोरडाच. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवावी. आधी बुडबुडे येतात, ते थांबले की काढून निथळत ठेवावी.

पाणी कुठलं, हा एनसीआरमधला खरा प्रश्न. बोअरचं पाणी बऱ्याच सोसायट्यांत जड असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो तो त्यांचाच. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसर कितीही चांगली वाटली, तरी गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, नेच्याला नको. त्याऐवजी एसीच्या नळीखाली बादली लावा. ते हवेतलं थंड होऊन पाणी झालेलं बाष्प, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. जुलै-ऑगस्टमध्ये बादली भरभर भरते. मे महिन्यात हवेतच ओल नसते, तेव्हा नळीही हात आखडते.

पानांवर फवारा मारण्याचं कौतुक मला कळलेलं नाही. पंख्याखाली तो काही मिनिटांत उडून जातो. चार-पाच कुंड्या एकत्र ठेवणं किंवा उजेडाची खिडकी असलेली न्हाणी त्याहून बरी. कूलर असलेली खोलीही चालते, फक्त वाऱ्याचा झोत थेट नको.

नोव्हेंबरच्या धुरात मला लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड आठवतात. 1829च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ओली माती ठेवली, तर त्यात नेच्याचा कोंब फुटला. त्यांच्या अंगणातली नेची कोळशाच्या धुराने मरत होती, बाटलीतलं तगलं. त्यावरून झालेल्या काचपेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. घरात रिकामी माशांची टाकी असेल तर लहान नेच्यासाठी ती काढा. फक्त उन्हात ठेवू नका. मोठ्या झाडाची पानं ओल्या फडक्याने टिपली तरी पुरतं. घरातली हवा मात्र ते शुद्ध करील ही आशा सोडा. 2019च्या एका परीक्षणाप्रमाणे त्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील.

थंडीत वाढ मंदावते, माती आठवडाभरही ओली राहते. खत बंद, कुंडी रूम हीटरपासून लांब. करपलेलं पान मुळाशी कापावं, टोकं कातरत बसू नये. फेब्रुवारीत मधून घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले कोंब वर येतात. कुंडी बदलायची ती तेव्हा.

शेजारच्या आंटींनी एकदा पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून चिमटीने खरवडायला घेतले होते. ठिपके शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीत, सारख्या अंतरावर असले तर ते बीजाणूंचे पुंजके, राहू द्यावेत. वेडेवाकडे विखुरलेले, नखाने सुटणारे आणि हाताला चिकट लागणारे असले तर ती खवलेकीड.