मळणीची धूळ छातीत कुठपर्यंत जाते? नाकापासून वायुकोशापर्यंतचा प्रवास, सोप्या भाषेत

सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावोगावी दोन आवाज वाढतात. एक मळणीयंत्राचा आणि दुसरा खोकल्याचा. "धूळ गेली असंल, गुळाचा खडा खा, होईल बरं" म्हणून आपण सोडून देतो. बऱ्याचदा होतंही बरं. पण काही जणांचा खोकला दिवाळी उलटली तरी हटत नाही. असं का? धूळ आत कुठपर्यंत जाते, तिला कोण अडवतं आणि कोणती धूळ अडतच नाही, हे कळलं तर घरी कधी थांबायचं आणि दवाखाना कधी गाठायचा हे ठरवायला सोपं जातं.

आधी एक माप लक्षात घ्या. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पुढची सगळी गोष्ट या मायक्रॉनचीच आहे.

पहिला नाका म्हणजे नाक

नाकातले केस मोठा कचरा अडवतात. त्याच्या आत ओलसर, चिकट अस्तर असतं. त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे थंड हवा आत जाता जाता गरम आणि दमट होते. १० मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण इथंच चिकटतात. मळणीनंतर नाक शिंकरलं की काळं निघतं ते हेच.

पण यंत्रात पेंड्या टाकताना दम लागतो आणि माणूस तोंडानं श्वास घ्यायला लागतो. तोंडानं घेतलेला श्वास हा नाका चुकवून सरळ आत जातो. दमलेल्या माणसाच्या छातीत धूळ जास्त जाते त्याचं एक कारण हे.

श्वासनळी आणि पंपाचा सक्शन पाईप

विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाईप कडक लागतो. साधा मऊ पाईप जोडला तर पाणी ओढताना तो चपटा होतो. आपल्या श्वासनळीचंही तसंच आहे. ती साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्यात कूर्चेच्या, म्हणजे कानाच्या पाळीत असतं तसल्या लवचिक हाडाच्या, १६ ते २० कड्या असतात. या कड्या पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूला उघड्या असतात. कारण मागं अन्ननलिका असते. भाकरीचा घास खाली उतरताना तिला फुगायला जागा लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली या नळीचं अस्तर बघितलं तर दोन प्रकारच्या पेशी ठळक दिसतात. एक पेल्याच्या आकाराच्या, त्यांना गॉब्लेट पेशी म्हणतात. त्या चिकट द्रव सोडतात. दुसऱ्या पेशींच्या टोकाला बारीक तंतू असतात, एकेका पेशीला दोनशेच्या आसपास. हे तंतू सहा-सात मायक्रॉन लांब असतात आणि सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. वाऱ्यानं गव्हाच्या शेतात लाट उठते तशी त्यांची लाट उठते, पण ही लाट कायम एकाच दिशेनं, वर घशाकडं जाते. चिकट थरात अडकलेली धूळ या लाटेवर मिनिटाला साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर वर सरकते. घशात आली की आपण ती नकळत गिळतो किंवा खाकरून थुंकतो. बेडका म्हणजे दरवेळी रोगच असं नाही, तो या झाडलोटीचा केर आहे.

आता बिडीचं बघा. बिडी-सिगारेटच्या धुरानं हे तंतू मंदावतात, नंतर झडतात. त्याच वेळी गॉब्लेट पेशी वाढतात आणि चिकट द्रव जास्त तयार होतो. म्हणजे केर वाढला आणि झाडणारे कमी झाले. मग तो काढायला एकच उपाय उरतो, खोकणं. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला यातूनच येतो.

ठिबकसारखं जाळं

छातीत गेल्यावर श्वासनळीचे दोन फाटे होतात, एक उजव्या फुप्फुसाला आणि एक डाव्या. पुढं फाट्याला फाटे फुटत जातात, साधारण २३ वेळा. ठिबकची मेन लाईन, सबमेन, लॅटरल आणि शेवटी ड्रीपर, तसंच हे. मोठ्या फाट्यांत कूर्चेचे तुकडे असतात. पण नळी एक मिलिमीटरच्या आत आली की कूर्चा संपते आणि भोवती फक्त स्नायूंचा पट्टा उरतो.

दम्याचं दुखणं मुख्यतः या फाट्यांत असतं. धूळ, परागकण किंवा धूर लागला की दमेकऱ्याच्या नळ्यांचा स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट द्रव वाढतो. वाट अरुंद झाल्यानं श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते. "पंप घेतला की सवय लागते" असं गावात सर्रास बोललं जातं. खरं म्हणजे पंपाचं औषध सरळ या नळ्यांवर पोचतं, म्हणून ते गोळीपेक्षा फार कमी मात्रेत काम करतं. भीतीपोटी डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करणं जास्त धोक्याचं.

पाऊण गुंठा जागा छातीत

फाट्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे फुगे असतात. हे वायुकोश. एकेक कोश साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी कोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर ७० चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. आपल्या मापात जवळपास पाऊण गुंठा!

प्रत्येक कोशाभोवती रक्ताच्या अतिबारीक केशवाहिन्यांची जाळी असते. इटलीच्या मार्सेलो माल्पिघी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात ही जाळी सूक्ष्मदर्शकानं पहिल्यांदा पाहिली. इथं हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो त्याची जाडी एक मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. तांबडी पेशी या जाळीतून पाऊण सेकंदात निघून जाते, तेवढ्यात तिचं काम होतं.

आतून कोश ओले असतात. ओला प्लास्टिकचा कागद एकमेकाला चिकटतो तसे तेही प्रत्येक श्वासानंतर चिकटून बसले असते. ते चिकटू नयेत म्हणून कोशातल्या काही पेशी सरफॅक्टंट नावाचा पदार्थ सोडतात. कांद्याच्या पातीवर औषधाचा थेंब गोळा होऊन घसरतो, म्हणून आपण फवारणीत स्टिकर टाकतो. स्टिकर पाण्याचा ताण कमी करतो आणि थेंब पसरतो. सरफॅक्टंट कोशात हेच काम करतो. आईच्या पोटात बाळामध्ये हा पदार्थ साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो तो बऱ्याचदा त्याच्या कमतरतेमुळे. म्हणून दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर गावात वाट न बघता नवजात बाळांच्या उपचारांची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

शेवटचा राखणदार

वायुकोशात झाडलोट करणारे तंतू नसतात. तिथं भक्षक पेशी फिरत असतात. कोशात आलेला कण किंवा जंतू त्या गिळून टाकतात. त्यांना धूळपेशी असंही नाव आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण इथपर्यंत पोचू शकतात. चुलीच्या धुरातले बहुतेक कण याच मापाचे. घरात गॅस असला तरी अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, आणि त्या धुराजवळ बसणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते.

या राखणदाराला तीन गोष्टी भारी पडतात.

एक, दगडाची भुकटी. खडी क्रशर, खाणी, विहिरीचं आणि बोअरचं खोदकाम इथल्या धुळीत सिलिका असते. भक्षक पेशी ती गिळते, पण पचवू शकत नाही, आणि स्वतःच मरते. तिथं व्रण पडून फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. कडक झालेला भाग परत मऊ होत नाही.

दोन, क्षयाचा जंतू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी तो जाहीर केला. खोकल्यातून उडालेल्या अतिसूक्ष्म थेंबांवर बसून तो कोशात पोचतो. भक्षक पेशी त्याला गिळते, पण तो तिच्या पोटातच जिवंत राहतो. म्हणूनच क्षयाची औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नसतात.

तीन, बुरशी लागलेला कडबा आणि भुसा. भिजलेला चारा उपसताना बुरशीचे आणि जंतूंचे बारीक कण उडतात. काहींच्या शरीराला त्यांचं वावडं असतं. मग चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते. माणूस समजतो साधी सर्दी-पडसं. चारा उपसला की दरवेळी असंच होत असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, नाहीतर कारण सापडत नाही.

मग करायचं काय?

तोंडाला बांधलेलं उपरणं भुसकट अडवतं, बारीक धूळ नाही, कारण कापडाच्या विणीतली भोकं तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असतात. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर ०.३ मायक्रॉनचे कणही ९५ टक्के अडवतो. मळणीयंत्र लावताना वाऱ्याची दिशा बघा, भुसकट माणसांच्या उलट बाजूला जाऊ द्या. चूल उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या जागी ठेवा, लहान पोरांना तिच्याजवळ बसवू नका. बिडी सोडली तर नळीतले तंतू काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. मात्र वायुकोशांच्या फुटलेल्या भिंती परत येत नाहीत, त्यामुळे जितक्या लवकर सोडाल तितकं जास्त वाचेल.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, बेडक्यात रक्त दिसलं, संध्याकाळचा ताप येतोय, वजन उतरतंय किंवा नेहमीची चढण चढताना धाप लागतेय, यातलं एक जरी असलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि जाल तेव्हा "मी मळणीवर होतो", "क्रशरवर कामाला आहे", "चुलीवर स्वयंपाक करते" हे न विचारता सांगा. डॉक्टरांना दुखण्याचा माग काढायला त्या एका वाक्याची मोठी मदत होते.