औंधचा चित्रसंग्रह



राजा रविवर्मा यांचीं चित्रें आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाडवडिलांच्या दिवाणखान्यांत पाहिलीं असतील. तीं बहुधा छापील. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या त्यांच्या शिळाछापखान्यानें तीं घरोघर नेलीं. मूळ तैलचित्र पाहण्याचा योग मात्र विरळा. तो सातारा जिल्ह्यांतील औंधसारख्या लहान गांवीं येतो, याचें कारण एका घराण्याची आवड हें होय.

औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. १९१६ सालीं त्यांनीं स्वतःच्या चित्रांनीं सजविलेलें रामायण प्रसिद्ध केलें. ज्याच्या हातांत कुंचला असतो, त्यास दुसऱ्याच्या कुंचल्याचें मोल कळतें. म्हणूनच रविवर्मा, धुरंधर यांच्या कृति येथें जमल्या. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचें माता व बालक यांचें पाषाणशिल्पही या संग्रहांत आहे.

परंतु संग्रह करणें निराळें आणि तो टिकविणें निराळें. घरगुती संग्रहाचे शत्रु दोन : हवा आणि वांटणी. तैलचित्राच्या कापडावरील सरसाचा थर दमट हवेंत फुगतो, कोरड्या हवेंत आकसतो. वाळलेला रंग तितका लवचीक नसल्यामुळें त्यास भेगा पडतात. वांटणीचें नुकसान याहून मोठें. चार भावांकडे चार चित्रें गेलीं कीं चित्रें उरतात, संग्रह उरत नाहीं.

बाळासाहेबांनीं यमाईच्या डोंगरावर स्वतंत्र इमारत उभारून १९३८ सालीं श्रीभवानी संग्रहालय स्थापिलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं राज्यकारभारही प्रजेच्या हातीं सोंपविला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. संग्रह मात्र औंधांतच राहिला, आणि आज राज्य सरकार त्याची निगा राखतें. घराण्याची मिळकत ती सर्वांची झाली.

माझें आयुष्य मुलांस शिकविण्यांत गेलें. खेड्यांतील मुलास मुंबईस जाऊन चित्रें पाहणें सहसा घडत नाहीं. चित्रेंच त्याच्या गांवाजवळ असलीं, तर त्याच्या डोळ्यांस वळण लागतें. म्हणून असे संग्रह जागच्या जागीं राहावे, असें मला वाटतें.

आपल्या घरीं एखादें जुनें चित्र असेल, तर ओल्या भिंतीपासून तें दूर ठेवा; तें कोणीं काढिलें, केव्हां व कोणाकडून आलें, हें ठाऊक असणारीं माणसें आहेत तोंवर लिहून ठेवा. आणि सवड काढून, मुलांसह, एकदां औंधास जा.