नकाराचे पत्र हा निकाल नव्हे

अशोक विजयादशमीला नागपुरात पोहोचायचे, एवढेच त्या प्रवासाचे प्रयोजन होते. मुलांच्या आजी १९५६ साली सहा वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षाभूमीवरचा तो जनसागर पाहिला होता. ‘नातवंडांचा हात धरून एकदा तिथे जायचे आहे,’ ही त्यांची इच्छा आम्ही बर्मिंगहॅममध्ये बसून कित्येक वर्षे पुढे ढकलत आलो होतो. अखेर चौघांची तिकिटे काढली, मुलांच्या शाळेची परवानगी मिळवली आणि प्रवासविमाही घेतला. विम्याचे कागद मात्र आपण सारे ठेवतो तसे न वाचताच ठेवून दिले.

विमान हीथ्रोहून रात्री साडेआठला सुटणार होते. आम्ही दुपारी दोनच्या सुमाराची गाडी पकडली. गाडी वेळेवर चालती तर पाच वाजता आम्ही विमानतळावर असतो, म्हणजे साडेतीन तास आधी. पण रग्बी ओलांडल्यावर वरची विजेची तार तुटली आणि गाडी रुळांवर तीन तास उभी राहिली. युस्टनला उतरलो तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. धावतपळत विमानतळ गाठला, तोवर सामान स्वीकारण्याची खिडकी बंद झाली होती. पुढची चार आसने तिसऱ्या दिवशीची मिळाली. त्यासाठी १,४८० पौंड जादा भरावे लागले. विजयादशमी आमच्याविनाच पार पडली. आजी शेजारच्या कुटुंबासोबत दीक्षाभूमीवर जाऊन आल्या.

परतल्यावर विमा कंपनीकडे दावा दाखल केला. तीन आठवड्यांनी नकाराचे पत्र आले. त्यात दोन कारणे होती. एक, आम्ही घरातून पुरेशा वेळेआधी निघालो नाही. दोन, उशीर ‘ट्रॅफिक’मुळे झाला आणि रस्त्यावरच्या कोंडीमुळे होणारे नुकसान या पॉलिसीत समाविष्ट नाही. दुसरे कारण वाचून आम्ही चकित झालो. मग दाव्याच्या अर्जाची प्रत काढून पाहिली. कारणाच्या रकान्यात आम्हीच, रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, ‘वाटेत ट्रॅफिकमुळे उशीर’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते. आपल्याकडे ट्रॅफिक म्हणजे वाटेतला कोणताही खोळंबा. इथल्या कंपनीने त्याचा अर्थ मोटारींची रांग असाच घेतला.

ही गोष्ट रविवारी वंदनेनंतर चहाच्या वेळी निघाली, तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. ‘जाऊ द्या, या कंपन्या कधी पैसे देत नाहीत,’ असे काहींनी म्हटले. एका स्नेह्याने आपुलकीनेच सुचवले, ‘मोटार वाटेत बिघडली असे लिहा. पॉलिसीत ते बसते, कोण तपासतो?’ त्या क्षणी मोह झाला, हे आम्ही लपवीत नाही. पण अर्ध्या तासापूर्वीच आम्ही सर्वांनी मिळून पंचशील ग्रहण केले होते आणि त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सल्ला घातक होता. ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्यानुसार दाव्यात लबाडी केल्यास तो दावा देण्याची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. मूळ नुकसान खरे असले, तरी खोट्या कारणामुळे खरा हक्कही हातचा जाऊ शकतो.

म्हणून आम्ही जे आधी करायला हवे होते ते आता केले. पॉलिसी समोर घेऊन ‘मिस्ड डिपार्चर’ हे प्रकरण ओळ न् ओळ वाचले. सार्वजनिक वाहतूक बंद पडल्यामुळे विमान चुकल्यास भरपाई मिळेल, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. अट एवढीच होती की प्रवाशाने वेळेवर पोहोचण्याइतका अवधी ठेवून निघालेले असावे. ‘पुरेसा’ म्हणजे किती तास, हे कुठेही लिहिलेले नव्हते. साडेतीन तास आधी पोहोचण्याचा बेत अपुरा कसा, याचे उत्तर नकाराच्या पत्रातही नव्हते.

त्यानंतर पुरावे गोळा केले. गाडीच्या तिकिटांवर वेळ होती. विमान कंपनीने आम्हाला किती वाजेपर्यंत हजर राहण्यास सांगितले होते, तो ईमेल होता. नव्या तिकिटांच्या पावत्या होत्या. सर्वात उपयोगी ठरले ते रेल्वेचे पत्र. गाडीला उशीर झाल्यास इथल्या रेल्वे कंपन्या ‘डिले रिपे’ योजनेखाली भाड्याची भरपाई देतात. त्यासाठी २८ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. तो आम्ही केला होता. भरपाई मंजूर करणाऱ्या पत्रात गाडीची तारीख, वेळ आणि उशिराची मिनिटे नोंदलेली होती. रेल्वेने स्वतः मान्य केलेल्या उशिराहून अधिक बळकट पुरावा तो कोणता? रेल्वेभाडे परत मिळाल्याचेही आम्ही विमा कंपनीला कळवले आणि ती रक्कम पुन्हा मागितली नाही.

मग रीतसर पत्र लिहिले. त्यात ‘तक्रार’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला. नुसती फेरविचाराची विनंती केली तर ती कुठे तरी पडून राहू शकते. तक्रार नोंदवली, की इथल्या नियमांनुसार कंपनीला आठ आठवड्यांच्या आत अंतिम उत्तर द्यावे लागते. आधीच्या अर्जातील शब्दाबद्दल आम्ही सरळ लिहिले, ‘तो शब्द चुकीचा होता. घटना अशी घडली. तिचा पुरावा सोबत जोडला आहे.’

सातव्या आठवड्यात पुन्हा नकार आला. पण त्या पत्राच्या शेवटी पुढची वाट दिलेली होती, कारण ती देणे कंपनीला बंधनकारकच असते. ती वाट म्हणजे फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिथे जाता येते. ग्राहकाला शुल्क पडत नाही आणि वकील लागत नाही. आधी एक तपासनीस दोन्ही बाजू पाहून मत देतो. ते कुणाला मान्य नसल्यास प्रकरण ओम्बड्समनपुढे जाते. ओम्बड्समनचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला, तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. ग्राहकाने तो नाकारला, तर न्यायालयाचा मार्ग त्याला मोकळा राहतो.

या टप्प्यावर आम्हाला एक तत्त्व उमगले. आपले नुकसान पॉलिसीत सांगितलेल्या कारणाने झाले, हे दाखवण्याची जबाबदारी आपली असते. पण ‘अमुक अपवाद लागू होतो, म्हणून पैसे देणार नाही’ असे कंपनी म्हणत असेल, तर तो अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी तिची असते. हे वाचताना महाडची आठवण झाली. त्या महान लढ्याची आमच्या किरकोळ दाव्याशी तुलना करण्याचे धारिष्ट आम्ही करणार नाही. परंतु २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांना पाठ असतो. त्याच तळ्यासाठी पुढे न्यायालयात दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी वहिवाट आहे, असे म्हणणाऱ्यांना ती वहिवाट न्यायालयात सिद्ध करता आली नाही. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला आणि दहा वर्षे कागदावरही झुंज दिली. पहिला नकार शेवटचा मानायचा नाही, ही शिकवण त्यातही आहे.

चार महिन्यांनी तपासनिसाचे मत आले, ते आमच्या बाजूने. कंपनीने ते स्वीकारले. प्रत्येकी ७५ पौंड, म्हणजे एकूण ३०० पौंड, पॉलिसीनुसार आम्हीच सोसायचे होते. ते वजा जाऊन १,१८० पौंड व्याजासह मिळाले.

प्रत्येक दाव्याचा शेवट असाच होईल, असे मात्र नाही. झोप लागली, वेळ चुकीची वाचली, व्हिसा नव्हता, अशा कारणांना सहसा भरपाई मिळत नाही. स्वतंत्रपणे काढलेल्या दोन तिकिटांमधले जोडविमान चुकले, तर अनेक पॉलिसी हात वर करतात. म्हणून विमा घेण्यापूर्वीच ते प्रकरण वाचावे. विमान चुकल्याचे कळताच विमान कंपनीला कळवावे, अन्यथा परतीचे तिकीटही रद्द होऊ शकते. आपले आईवडील भारतातून विमा घेऊन इकडे येतात, त्यांच्यासाठी तिथे विमा लोकपाल आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास त्यांच्याकडे विनाशुल्क जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत.

पैसे जमा झाल्याचे आजींना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. पण माझी दसऱ्याची भेट राहिली ती राहिलीच.’ त्यांचे खरे होते. तो दिवस कोणतीही विमा कंपनी परत देऊ शकत नाही. परत मिळालेल्या रकमेला आम्ही हात लावलेला नाही. पुढच्या अशोक विजयादशमीची तिकिटे त्यातूनच काढली आहेत. या वेळी आम्ही आदल्या रात्रीच विमानतळाजवळ मुक्कामाला जाणार आहोत, आणि पॉलिसी आधीच वाचून झाली आहे.

जयभीम.