मानोरा : भूमी, वस्ती आणि भाषेची गणना

एखाद्या लहान गावाचा परिचय करून देताना भूगोल, इतिहास व लोकसंख्या अशी तीन प्रकरणे पाडण्याचा प्रघात आहे. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याचा विचार येथे त्याच क्रमाने केला आहे. परंतु तिसऱ्या प्रकरणाशी भाषाभ्यासकाला जी अडचण येते, तिच्याकडे लक्ष वेधणे हा या टिपणाचा मुख्य हेतू होय.

वऱ्हाडचे पयनघाट व बालाघाट असे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन म्हणजे पयनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरील उंचसखल पठार म्हणजे बालाघाट. मानोरा तालुका बालाघाटात मोडतो. पूर्णेचे पाणी तापीला मिळते. येथील अरुणावती मात्र पैनगंगेला मिळते व तिचे पाणी पुढे गोदावरीत जाते. खोऱ्यात शेतकऱ्यांची गावे आणि माळावर वा डोंगरउतारावर बंजाऱ्यांचे तांडे, अशी या प्रदेशातील वस्तीची सर्वसाधारण रचना आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडण्यात आला. तेव्हा मंगरूळ तालुका अकोला जिल्ह्यात व पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात गेला. मानोऱ्याचा मुलूख मंगरुळाबरोबर राहिला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला, तरी पुसद यवतमाळातच राहिले. एकाच बोलीचा, सोयरिकीने बांधलेला समाज त्यामुळे दोन जिल्ह्यांच्या कोष्टकांत विभागला गेला आहे.

‘तांडा’ हा शब्द मुळात बैलांवर धान्य व मीठ लादून चालणाऱ्या काफिल्याचा वाचक आहे. दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजांना रसद पुरविण्याचे काम असे तांडे करीत. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला, पक्क्या सडका झाल्या आणि हा व्यवसाय खालावला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच बंजाऱ्यांच्या अनेक गटांना सोसावा लागला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. काफिले थांबले व त्यांच्या वस्त्या झाल्या. नाव मात्र तेच राहिले. तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेस तेथे तेलंगण व कर्नाटक येथूनही बंजारा समाज येतो.

आता लोकसंख्येकडे वळू. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. परंतु जनगणनेचे ग्रामीण एकक महसुली गाव हे आहे. ज्या तांड्यांना महसुली दर्जा नाही, त्यांची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिसळतात. भाषेच्या बाबतीत हाच प्रकार अधिक गंभीर स्वरूपात घडतो.

गावातील वऱ्हाडी बोलणारा ‘मला’ऐवजी ‘मले’ व ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणतो. त्याची गणना मराठीत होते, आणि ती योग्यच आहे. तांड्यातील गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात, ‘आहे’ या अर्थी ‘छ’ येतो आणि षष्ठीचे प्रत्यय ‘रो’, ‘री’ असे असतात. ही लक्षणे राजस्थानी व गुजराती यांच्याशी नाते दाखवितात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) या भाषेला ‘बंजारी किंवा लभाणी’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ नोंदविणारे देशातील सुमारे ३२ लाख ७७ हजार भाषक हिंदीच्या बेरजेत धरलेले आहेत. म्हणजे घरी गोरमाटी व बाजारात वऱ्हाडी बोलणारा मानोऱ्याचा रहिवासी भाषावार मुख्य कोष्टकात हिंदी भाषक ठरतो.

हा केवळ वर्गीकरणाचा वाद नव्हे. तांड्यातील मुलाला शाळेची प्रमाण मराठी ही दुसरी, क्वचित तिसरी भाषा असते. परंतु ज्या भाषेची गणनाच वेगळी दिसत नाही, तिच्या भाषकांसाठी पहिलीचे पुस्तक वा शिक्षकाचे प्रशिक्षण यांची तरतूद कोणत्या आकड्यावर मागावी? आठव्या अनुसूचीतही गोरमाटीला स्थान नाही.

म्हणून या प्रदेशात क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुख्य कोष्टकावर न थांबता मातृभाषावार तपशील पाहावा, गावाबरोबर तांड्यांची यादी करावी आणि ‘तुमची भाषा कोणती?’ या एका प्रश्नाऐवजी घरी, बाजारात व शाळेत काय बोलता, असे तीन प्रश्न विचारावेत. मानोऱ्याच्या लोकसंख्येचे यथार्थ वर्णन तेथूनच सुरू होईल.