ई-मेल वर्म : ओळखीच्या नावाने येणारा अनोळखी पाहुणा

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या वाळूत माडांच्या सावलीतली घरे, हे तारकर्लीचे चित्र. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली आणि मालवणपासून देवबागपर्यंतच्या अनेक घरांत मासेमारीच्या जोडीला पाहुण्यांचा राबता सुरू झाला. आज बरीचशी आरक्षणे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होत असली, तरी कंपन्यांच्या सहली, प्रवासी संस्था आणि परदेशी पाहुणे यांचा व्यवहार ई-मेलवरच चालतो. पडवीतल्या टेबलावरील संगणकात अशा वेळी पाहुण्यांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, बँकेचे तपशील आणि पुढल्या हंगामाची सगळी आरक्षणे साठवलेली असतात.

संगणक सुरक्षेविषयी हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘अनोळखी व्यक्तीची मेल उघडू नका’. मात्र ज्याचा व्यवसायच पाहुणचाराचा आहे, त्याला तो पाळता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक अनोळखी मेल हा संभाव्य पाहुणा असतो. शिवाय हा सल्ला अपुराही आहे, कारण ई-मेल वर्म बहुतेक वेळा ओळखीच्याच नावाने येतो.

व्हायरस आणि वर्म

सर्वसाधारण बोलण्यात संगणकातील प्रत्येक रोगाला व्हायरस म्हटले जाते. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटतो आणि त्या फाइलबरोबर प्रवास करतो. वर्म, म्हणजे कृमी, हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. तो स्वतःच्या प्रती स्वतःच तयार करतो आणि जाळ्यातून दुसऱ्या संगणकाकडे पाठवतो. मराठीत वर्म म्हणजे दुबळी जागा. हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे, कारण ई-मेल वर्म बोट ठेवतो ते माणसाच्या वर्मावर, त्याच्या विश्वासावर.

मार्च १९९९ मध्ये आलेला ‘मेलिसा’ वर्डच्या फाइलमध्ये दडलेला होता. फाइल उघडताच तो आउटलुकच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ त्याच्याही पुढे गेला. त्याने पत्तेवहीतील सर्वांनाच प्रेमपत्र धाडले आणि संगणकातील छायाचित्रांच्या जागी स्वतःच्या प्रती लिहिल्या. ब्रिटिश संसदेलाही तेव्हा आपली मेलव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली होती.

या वर्मची युक्ती आजही समजून घेण्याजोगी आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी असलेली अक्षरे ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगतात. विंडोज ही अक्षरे सहसा लपवून ठेवते. ‘आय लव्ह यू’च्या फाइलला ‘टीएक्सटी’ आणि ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटे होती. खरे शेपूट ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणारा प्रोग्राम, पण ते लपले आणि पाहणाऱ्याला साधे पत्र दिसले.

जानेवारी २००४ मधील ‘मायडूम’ने पत्तेवहीवरही विसंबणे सोडले. तो संगणकातील फाइली चाळून मेलचे पत्ते गोळा करी आणि त्यांतीलच एखादा पत्ता प्रेषक म्हणून वापरी. त्यामुळे ज्याच्या नावाने मेल आली, त्याचा संगणक निरोगी असण्याचीच शक्यता अधिक असे. अलीकडच्या काळातील ‘इमोटेट’ने तर जुना पत्रव्यवहार चोरून त्याच संभाषणात उत्तर म्हणून स्वतःला पाठवले. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे उद्ध्वस्त केले, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा अवतरला.

तारकर्लीच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो? समजा, गेल्या मे महिन्यात राहून गेलेल्या पाहुण्याच्या नावाने उत्तर आले, ‘यंदाच्या आरक्षणाचा तपशील सोबत जोडला आहे.’ नाव ओळखीचे, विषय खरा, खाली जुना पत्रव्यवहारही दिसतो. शंका येण्याचे कारणच उरत नाही. जोडलेली फाइल उघडली जाते, ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’ अशी सूचना येते आणि ते बटण दाबताच फाइलमध्ये दडलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, कामाला लागतो.

लागण झाली तर

मेल नुसती वाचल्याने सहसा लागण होत नाही. जोडलेली फाइल किंवा दुवा उघडल्यावर ती होते. संगणक अचानक मंदावणे, अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, न पाठवलेल्या मेलबद्दल परिचितांचे फोन येणे ही तिची लक्षणे होत. केवळ परत आलेल्या मेलवरून मात्र निष्कर्ष काढू नये. ‘मायडूम’प्रमाणे दुसऱ्याच कोणी आपला पत्ता वापरलेला असू शकतो.

पहिले काम म्हणजे इंटरनेट तोडणे. केबल काढावी, वायफाय बंद करावे. जाळे मिळाले की वर्म किती वेगाने पसरतो, हे महाराष्ट्राने २७ जून २०१७ रोजी पाहिले. ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तो वर्म मेलमधून नव्हे, तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. पुढचा प्रवास त्याने जाळ्यातून स्वतःच केला.

दुसरे काम, ई-मेलचा पासवर्ड बदलणे. तो दुसऱ्या, निरोगी संगणकावरून किंवा फोनवरून बदलावा, अन्यथा नवा पासवर्डही वर्मच्या हाती पडतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. मेलच्या सेटिंग्जमध्ये आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवलेला नाही ना, हेही पाहावे.

तिसरे काम, साफसफाई. संशयित फाइल नुसती पुसून भागत नाही. वर्म संगणकाच्या स्मृतीत चालू असतो आणि संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी नोंद त्याने विंडोजमध्ये करून ठेवलेली असते. म्हणून विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करणे श्रेयस्कर. विंडोज १० आणि ११ मधील ‘विंडोज सिक्युरिटी’त स्कॅनच्या पर्यायांमध्ये डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ असते, ते हेच काम करते. त्यानंतर अद्ययावत अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्कही तपासावी, नाहीतर रोग पुन्हा घरी येतो. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून सफाईची काही साधने विनामूल्य उपलब्ध केली आहेत. एवढे करूनही लक्षणे टिकली, तर फक्त छायाचित्रे आणि कागदपत्रे बाजूला काढून, ती तपासून, विंडोज नव्याने बसवणे हाच खात्रीचा उपाय.

चौथे काम बहुतेकजण संकोचाने टाळतात, ते म्हणजे परिचितांना कळवणे. ते फोनवरून करावे. आपल्या नावाने गेलेली फाइल एखाद्या पाहुण्याने उघडण्याआधी हा फोन पोहोचला, तर साखळी तिथेच तुटते. बँक खात्यातून पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दुसऱ्याच्या संगणकात असा प्रोग्राम सोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे.

दार उघडे, पण जपून

पाहुण्यांसाठी दार बंद ठेवून तारकर्लीचा व्यवसाय चालणार नाही. मेल उघडावी, वाचावी, उत्तरही द्यावे. मात्र जोडलेली फाइल उघडण्याआधी जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर एक फोन करावा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये, कारण तोही बनावट असू शकतो. पाहुणा नवा असेल, तर तारखा आणि माणसांची संख्या मेलच्या मजकुरातच लिहून मागवावी. आरक्षणासाठी त्याहून जास्त काही लागत नाही. फाइलींची शेपटे दिसतील अशी सोय विंडोजच्या ‘व्ह्यू’ या मेनूत आहे, ती करून घ्यावी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवण्यास सुरुवात केली. ती अडवणूक कोणाच्याही सांगण्यावरून काढू नये. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राहता राहिली हंगामाची वही. पावसाळ्यात जलक्रीडा थांबतात आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तशीच आरक्षणांची आणि हिशेबांची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडूनच ठेवलेली प्रत संगणकाबरोबर बुडू शकते. कपाटातली प्रत हाताशी असली, तर दिवाळीच्या गर्दीत संगणक बंद पडला तरी दारात आलेल्या पाहुण्याला त्याची खोली देता येते.